मासळीवालीचा ओला फडका

मला श्वास घेता येईना. सनमायकाची तेलकट कपाटं स्वच्छ निघावीत म्हणून मी ॲसिडमध्ये ब्लीच ओतलं होतं आणि त्यातून विषारी वायू उठला होता. तेवढ्यात सातपाटीची मासळीवाली दारात आली. रोज यायची, पण नाव मी कधी विचारलं नाही. तिने पाटी खाली टाकली, पाटीवरचा ओला फडका नाकाला बांधला आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. कारखान्यांचा वास आला की आमच्या बोईसरात सगळे असाच ओला फडका नाकाला बांधतात.

"आजी, घरात कारखाना काढला काय? साबणाचं पाणी नाय पुरत?" ती खोकत म्हणाली. मग नेहमीसारखे हात कमरेला पुसून बोंबील निवडायला बसली.

आता मी कपाटं साबणाच्या पाण्याने पुसते आणि लगेच कोरडं करते. त्या ॲसिडने कपाटाच्या एका दाराचा रंग गेला. आम्ही दोघी वाचलो.