उतारशाळेची बाई

प्रमिलाबाई शिरसाठांच्या दाराला आतून कडी नव्हती. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात त्यांनीच ती पेचकसानं स्क्रू फिरवून काढून टाकली होती. बरखेड्याच्या कारखाना-वसाहतीतली क्वार्टरांची अख्खी ओळ हसायची. "चोर आला तर ह्या बाई त्याला आधी चहा विचारतील," शेजारच्या वैजयंती साळवे म्हणायच्या. प्रमिलाबाईही हसायच्या. कारखान्यात टर्नर असलेल्या गोपीनाथरावांनी बायकोला दोनदा कारण विचारलं, मग नाद सोडला.

वसाहतीतली आठ-दहा मराठी ख्रिस्ती घरं मिळून नाताळला छोटं नाटक बसवायची. मरिया आणि योसेफ दमूनभागून बेथलेहेमला पोचतात, उतारशाळेचं दार वाजवतात, मालकीण हाकलून देते आणि तारणारा गोठ्यात जन्मतो. मालकिणीचं काम प्रमिलाबाईंनी नऊ वर्षं टाळलं होतं. यंदा ते करणारीला ऐनवेळी ताप भरला.

"एकच तर वाक्य आहे, बाई!" वैजयंतीबाईंनी गळच घातली. "जागा नाही, पुढे जा. दारावरच्या सेल्समनला रोज म्हणतोच की आपण!"

नाताळच्या दुपारी हॉल भरला. पुठ्ठ्याच्या दारावर तीन थापा पडल्या. पलीकडून मरिया झालेली मुलगी म्हणाली, "दार उघडा हो, फार दमलोय."

प्रमिलाबाईंनी पुठ्ठ्याचं दार दोन्ही हातांनी दाबून धरलं. पाठ केलेलं मराठी वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"जगह नहीं है! आगे जाओ! आगे जाओ!"

हॉलभर हशा पिकला. "अहो, बेथलेहेमात हिंदी कुठली?" पडद्यामागून वैजयंतीबाई कुजबुजल्या. हसले नाहीत ते एकटे गोपीनाथराव.

घरी आल्यावर चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "कुणाला म्हणाली होतीस ते?"

प्रमिलाबाई कोपऱ्यात जाऊन बसल्या.

"चौऱ्याऐंशीत, शहरात विषारी गॅस सुटला त्या रात्री. तुमची नाइट होती. शहरातून लोक इकडे पळत येत होते. एक बाई दार वाजवत होती. वाटलं, उघडलं तर गॅस आत येईल. आपली पोरं निजलेली..."

"कुणी आलं नव्हतं म्हणालीस मला."

"खोटं बोलले. काचेतून दिसलं, तिच्या कडेवर मूल होतं. खोकत होतं, मला ऐकू येत होतं." त्यांचा आवाज खाली गेला. "दरवर्षी गातो आपण, तो आला, तो आला. आला होता हो. मीच पुढे जा म्हटलं."

कोपऱ्यात मांडलेल्या गव्हाणीत त्यांनी हात घातला. बाळ येशूच्या मूर्तीखालचं गवत बाजूला केलं. तळाशी रबरी चप्पल होती, बोटभर लांबीची, निळी. "दुसऱ्या सकाळी दारापुढच्या ओट्यावर सापडली. एकच."

गोपीनाथरावांनी ती हातात घेतली. मग त्यांनी गवत सारखं केलं, बाळाला किंचित सरकवलं आणि चप्पल वर, त्याच्या शेजारी ठेवली.

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. करंज्यांचं ताट घेऊन वैजयंतीबाई असणार. दार नुसतं लोटलेलं होतं. तरी दोघंही एकदम उठले.