खांब तपासणारा खलाशी

आमच्या गावावरच्या उताराला आता खुर्च्यांची लिफ्ट आहे. लोक बसतात, पाय हलवत वर जातात, उतरतात. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. मी सांगतेय ती लिफ्ट दांड्यांची होती. डोक्यावर फिरणारा दोर, दोराला लोंबणाऱ्या दांड्या आणि दांडीच्या टोकाला बशीएवढी चकती. चकती मांड्यांत धरायची, पायातल्या स्की सरळ ठेवायच्या आणि उभ्या उभ्या ओढलं जात वर पोचायचं. खालच्या टपरीत मी, वरच्या टपरीत एक माणूस, मध्ये एकवीस खांब आणि एक टेलिफोन. मी तिथं पुष्कळ हिवाळे काढले, पण आठवणी काढायला बसले की त्र्याऐंशी सालचाच हिवाळा सगळ्यांना ढकलून पुढे येतो. त्या वर्षी वरच्या टपरीत गुलवेन आला.

डिसेंबरात खालच्या शहरातून येणाऱ्या बसमधून तो उतरला, खांद्यावर कॅनव्हासची पिशवी घेऊन. वय सेहेचाळीस. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटनीच्या पार टोकाच्या बंदरातला मच्छीमार, तीस हिवाळे समुद्रावर काढलेला. आमचा मुकादम क्लोव्हिस शब्द मोजून वापरणारा माणूस. त्याने विचारलं, "स्की येतं असं पत्रात लिहिलंयस, ते तूच ना?"

"मीच."

"बरं," क्लोव्हिस म्हणाला आणि त्याला वरची टपरी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलवेन माझ्यासमोर रांगेत उभा राहिला. मी दांडी त्याच्या हातात दिली. त्याने ती नीट पायांमध्ये घेतली आणि बाकड्यावर बसावं तसा त्या चकतीवर बसला. ज्याने जन्मात कधी स्की घातल्या नाहीत तोच असं करतो. दांडीला स्प्रिंग असते, बसलं की ती लांबत जाते. गुलवेन बर्फात उताणा पडला आणि त्याची दांडी एकटीच वर निघून गेली.

"अगं, ही बसायला नाही होय?"

"पत्रात तर स्की येतं म्हणून लिहिलं होतंस!"

"लिहिलं होतं."

"मग?"

"मग काय! पत्र लिहिता येतं मला." त्याने टोपी झटकली आणि हळूच म्हणाला, "कोणाला बोलू नकोस, गिलेन. मला ही नोकरी टिकवायचीय."

माझा स्वभाव तसा तापट. खोटं बोलून काम मिळवणाऱ्याला मी खरं तर धारेवर धरलं असतं. पण तो इतक्या सरळ चेहऱ्याने म्हणाला की मी गप्प बसले. का टिकवायचीय ते त्याने नाताळच्या सुमारास सांगितलं. त्याच्या बायकोचे, रोझेनचे वडील हिवाळ्यातल्या समुद्राने नेले, आणि पुढे भाऊही नेला. त्या ऑक्टोबरात तिने निक्षून सांगितलं होतं की आणखी एक हिवाळा बोटीवर गेलास, तर परत येशील तेव्हा दाराला कुलूप दिसेल. उन्हाळ्यात खेकडे धरायला तिची ना नव्हती. पण त्यांच्या बंदरात हिवाळ्यात बोटीशिवाय दुसरं काम नाही. म्हणजे आमच्याकडे दर हिवाळ्यात काम मिळालं तर संसार टिकणार, नाहीतर पुन्हा समुद्र आणि कुलूप.

दांडीवरून वर जाणं त्याला तीन दिवसांत जमलं. खाली येणं काही केल्या जमेना.

आणि गोची तिथंच होती. आमच्याकडे एक रीत होती, लिहिलेली कुठंच नाही, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. संध्याकाळी लिफ्ट बंद झाली की वरचा माणूस खाली पोचेपर्यंत खालचं कोणीही घरी जायचं नाही. वरचा माणूस स्कीवरून पाच मिनिटांत खाली यायचा, त्यामुळे रीत कोणाला जड जात नव्हती. गुलवेन मात्र स्की खांद्यावर टाकून, गुडघाभर बर्फातून, देवदारांमधून खांबाखांबाने चालत यायचा. त्याला पन्नास मिनिटं लागायची.

पहिल्या संध्याकाळी क्लोव्हिसने विचारलं, "खलाशी कुठं राहिला?"

"खांब तपासत येतोय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"हं," क्लोव्हिस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आम्ही नऊ जण टपरीपाशी पाय आपटत उभे राहायचो. बर्फ दाबायच्या यंत्राचा ड्रायव्हर हातांवर फुंकर मारायचा. क्लोव्हिस साफ केलेलं फावडं पुन्हा साफ करायचा. मी रोज नवी थाप मारायचे. आज सातव्या खांबाचं चाक कुरकुरतंय, आज बाराव्यावर बर्फ साचलाय. एवढ्या जणांच्या डोळ्यांत मी एकटी धूळ फेकतेय याचा मला मनातून गर्वही वाटायचा.

बाकी तो लवकर रुळला म्हणावं तर तसंही नाही. गॅरेजवरच्या खोलीत त्याला झोप येईना, कारण पलंग हलत नव्हता. पहिल्याच आठवड्यात आचाऱ्याने मोहरी घालून ससा रांधला, तर हा ताटावरून उठून बाहेर गेला. बोटीवर त्या प्राण्याचं नावसुद्धा काढत नाहीत म्हणे, बोट बुडते. तो त्याला 'तो लांब कानवाला' म्हणायचा. मग काय, आमच्या लोकांना आयतंच सापडलं. रोज सकाळी त्याच्या टपरीच्या काचेवरल्या दवात कोणीतरी दोन लांब कान काढून ठेवलेले असायचे.

हवामान मात्र तो फार अधिकाराने सांगायचा. अकराच्या सुमाराला फोन वाजायचा.

"गिलेन, दुपारी वारा फिरणार बघ. सगळ्यांना सांगून ठेव."

दुपारी लख्ख ऊन पडायचं. मी फोन करून म्हणायचे, "काय रे, कुठं गेलं तुझं वादळ?"

"वाटेत आहे."

"तुझा समुद्र इथून हजार किलोमीटर लांब आहे, बाबा. वाट चुकलं असेल."

तो असा गडगडून हसायचा की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागायचा. आता माझ्या खिशात फोन असतो, त्यावर सगळ्या जगाचं हवामान दिसतं आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. पण ते बघून मला एकदाही हसू आलेलं नाही. तो चुकीचा अंदाज ऐकायला मी आजही काय वाटेल ते देईन.

जानेवारीत मी त्याला आमच्या गोठ्यामागच्या छोट्या उतारावर शिकवायला घेतलं. माझी आई गोठ्याच्या खिडकीतून बघायची आणि पदोपदी सूचना करायची. गुलवेनचे पाय डेकवर रोवून उभं राहायला शिकलेले. घसरू लागलं की तो गुडघे ताठ करून जमिनीला घट्ट धरायला बघायचा, आणि स्कीवर नेमकं तेच करायचं नसतं. फेब्रुवारीत मी हात टेकले. आई म्हणाली, "आपली गाय आधी शिकेल."

पण टपरीत तो सोन्यासारखा होता. वर पोचलेलं मूल दांडी सोडायला घाबरलं तर हा पुढे होऊन दांडी अलगद काढून घ्यायचा, ती मागे झोका घेऊन कोणाच्या कपाळावर बसणार नाही अशी धरायचा. वाऱ्याकडे तोंड करून दिवसचे दिवस उभा राहायचा आणि कंटाळायचा नाही. लहान मुलं खाली येऊन मला विचारायची, वरचे मिशीवाले काका उद्या आहेत ना?

एप्रिल आला. हंगामाच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे सगळे कामगार सोंगं घेऊन वर जातात आणि एका ओळीत घसरत खाली येतात. सगळं गाव पायथ्याशी जमतं. ओळीत सर्वांत पुढे त्या वर्षीचा नवा माणूस. खाली पोचल्यावर मुकादम एकेकाचा हात हातात घेतो. ज्याला पुढच्या वर्षी बोलवायचं त्याला म्हणतो, "डिसेंबरात भेटू." ज्याला नाही, त्याला नुसतं "आभार."

सकाळी वरून फोन आला. "गिलेन, मी दुपारच्या बसने जातो."

"आणि क्लोव्हिसचा हात?"

"सगळ्या गावासमोर लबाड ठरून 'आभार' ऐकण्यापेक्षा न ऐकता गेलेलं बरं."

"मुकाट्याने तिथंच थांब," मी ओरडले. "येताना तुझ्यासाठी आईचा गाऊन आणतेय."

दुपारी तो आईचा फुलाफुलांचा गाऊन घालून माथ्यावर उभा होता. चेहरा पांढराफटक पडलेला. आम्ही बाकीचे कोणी परकरात, कोणी रात्रीच्या टोपीत. खालून गावाचा गलका ऐकू येत होता.

तेवढ्यात क्लोव्हिस खाली वाकला आणि त्याने आपल्या स्की काढल्या. "गुडघा दुखतोय," तो म्हणाला. "मी चालत येतो."

ड्रायव्हरने स्की काढल्या. "माझाही दुखतोय." मग तिसऱ्याने काढल्या, चौथ्याने काढल्या. बघता बघता सगळ्यांनी स्की खांद्यावर टाकल्या. कोणी गुलवेनकडे बघत नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या संध्याकाळपासून सगळ्यांना माहीत होतं. चार महिने ती आठ माणसं त्या थंडीत रोज उभी राहिली आणि माझ्या थापा ऐकून माना डोलवत राहिली. मला शरमही वाटली आणि रडूही आलं.

गुलवेनलाही कळलं. तो आधी लाल झाला, मग भडकला. "माझी कीव करू नका!" तो गरजला. "नवा माणूस पुढे असतो ना? मग व्हा मागे!"

आणि निघाला. वीस पावलांवर पडला. उठला, पुन्हा पडला. ओल्या बर्फात गाऊन भिजून पायांत अडकत होता. खाली गावाने मोठमोठ्याने मोजायला सुरुवात केली. सात! आठ! आम्ही स्की खांद्यावर घेऊन त्याच्यामागून चाललो होतो, त्याचं पडलेलं सामान गोळा करत. टोपी ड्रायव्हरने उचलली, हातमोजा मी, काठी क्लोव्हिसने. तेविसाव्यांदा तो पडला तो थेट पायथ्याशी, माझ्या टपरीच्या दाराला टेकून.

क्लोव्हिस त्याच्यासमोर उभा राहिला. "तुला स्की येत नाही."

"नाही येत."

"पत्रात खोटं लिहिलंस."

"लिहिलं."

क्लोव्हिसने त्याला हात देऊन उभं केलं आणि तो हात सोडला नाही. "डिसेंबरात भेटू," तो म्हणाला. "चालायचे बूट चांगले आण."

गाव नुसतं ओरडत होतं. गुलवेन शेजारच्या कॅफेत शिरला. मी मागोमाग गेले. त्याने ओल्या हाताने घरचा नंबर फिरवला, पलीकडून रोझेनचा आवाज आला आणि याच्या तोंडून शब्द फुटेना. तीस वर्षं वाऱ्याच्या वर आवाज काढणारा माणूस नुसता ओठ हलवत उभा. मी त्याच्या हातून रिसीव्हर घेतला, मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, "त्याला पुढच्या हिवाळ्यालाही बोलावलंय."

ती म्हणाली, "तो का बोलत नाही? लागलंय का त्याला?"

"लागलं नाही. उतारावरून येताना तेवीस वेळा पडला."

"पडू दे," रोझेन म्हणाली. "तिथं पडलेला माणूस उठतो तरी."