रिकव्हरीभाऊंच्या निवट्या

रिकव्हरीभाऊ आमच्या घरात राहिले, पण आमच्या घरची मासळी काही खाईनात. शाकाहारी होते म्हणाल तर तेही नाही. विदर्भाकडचा माणूस. गावच्या नदीची मासोळी निखाऱ्यावर कशी भाजायची हे सांगायला लागले की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. आणि इथे, मासेमार मांगेल्याच्या घरात खोली घेऊन, वरणभात आणि लोणचं. खाडीकाठच्या बाईला ह्याहून मोठा अपमान नाही. एक दिवस मी विचारलंच, "भाऊ, आमच्या कालवनाचा वीट हाय का तुमाला?" मान खाली घालून म्हणाले, "तसं नाही जी ताई. मी कागदाच्या कारखान्यात आहे ना."

मला काही बोध झाला नाही. सासूबाई ओटीवर सुकट निवडत होत्या, त्या न बघताच म्हणाल्या, "अगो, नाल्यातनं काला पानी येते तो तेंच्याच कारखान्याचा. लाजते तो." माझी सासू म्हणजे भर बाजारात पुरुषांना आवाज देणारी बाई. तिला लाज हा शब्द माहीत आहे हेच मला त्या दिवशी कळलं.

भाऊंचं खरं नाव घरभाड्याच्या वेळी एकदा ऐकलं, मग कुणी वापरलंच नाही. बोईसरच्या त्या कारखान्यात भाताचा पेंढा सोड्यात शिजवून त्याचा लगदा करायचे. लगदा निघाला की मागे काळंकुट्ट पाणी उरतं. त्या पाण्यातून कामाचं ते परत काढून घ्यायचं, ह्या खात्याला म्हणतात रिकव्हरी, आणि ते खातं म्हणजे भाऊ आणि दोन बिहारी मुलगे. मोठे कारखाने ते पाणी आटवतात, जाळतात आणि सोडा परत मिळवतात. लहान कारखान्याला ते झेपत नाही, पेंढ्यातल्या रेतीनं नळ्या चोंदतात. म्हणून भाऊंनी दुसरी वाट धरली होती.

ती वाट त्यांनी मला आमच्या मागच्या अंगणात दाखवली. काचेच्या ग्लासात काळं पाणी, त्यात तेजाबाचे थेंब. बघता बघता पाणी फाटलं, दुधात लिंबू पिळावं तसं, आणि तपकिरी गाळ तळाशी बसला. "नासलं म्हणजे जमलं, ताई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पेंढ्याला ताठ उभं ठेवणारा तो चीक. गाळून वाळवला की नाचणीच्या पिठासारखी भुकटी. कोळशाच्या विटा बांधायला घ्या, प्लायवूडच्या गोंदात घाला. चिमटीत धरून ते ती भुकटी अशी दाखवायचे, जणू देवाचा अंगारा. "फेकलं तर विष, ठेवलं तर माल," म्हणायचे. माझं दूध नासलं की सासूबाई आता टोमणा मारायच्या, "बोलव त्या रिकव्हरीला, सांग जमला तुजा."

पण लाज काही हटत नव्हती. बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्यांमधून सरळ रस्ता होता, हे लांबून वळसा घालून जायचे. का, तर कपड्याला कारखान्याचा वास असतो. मासळीबाजारातून जाताना कंपनीच्या निळ्या शर्टावर दुसरा शर्ट घालायचे, उन्हाळ्यातसुद्धा. बायका काय त्यांना ओळखायच्या नाहीत? "काय रे रिकव्हरी, आज काय पाजलास आमच्या खाडीला?" असं कुणी ओरडलं की दुसरा माणूस सटकला असता. हे थांबायचे, वळायचे आणि खरं खरं सांगायचे, "आज अर्धंच गाळलं जी. अर्धं तसंच गेलं." मग ओरडणारीच खाली बघून मासळीवर पाणी शिंपडू लागायची.

मला त्यांनी शब्द दिला होता. "पाणी निवळू द्या. ज्या दिवशी त्यात मासोळी जगेल, त्या दिवशी तुमच्या हातचं जेवीन."

पावसाळ्यानंतर त्यांचं काम रांगेला लागलं. गाळ निघत होता, उरलेल्या पाण्यातला तेजाब ते चुन्यानं मारत होते आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगावर आलं होतं. तेव्हा ते सासूबाईंकडे डबा घेऊन आले. "आजी, खाडीतली जिवंत मासोळी पाहिजे. कारखान्यापर्यंत जिवंत राहिली पाहिजे." सासूबाईंनी उभा जन्म मासळी विकण्यात घातलेला. गिऱ्हाईक जिवंत मासा मागतं तर जिवंत पोचेल तोच द्यायचा, हा त्यांचा धर्म. त्यांनी चिखलातल्या निवट्या धरून डबा भरून दिला. कशाला हव्यात ते त्यांनी विचारलं नाही, आणि काय देते ते सांगितलं नाही. निवटी म्हणजे मासाच की. त्यात सांगायचं काय?

भाऊंनी निवट्या त्या निवळलेल्या पाण्याच्या टाकीत सोडल्या आणि त्या टणाटण उड्या मारत राहिल्या. रोज संध्याकाळी भाऊंचा चेहरा उजळत गेला. शेवटी एक दिवस येऊन म्हणाले, "ताई, आज साठवलेलं सगळं पाणी एकदम सोडायला सांगितलं. एक पण नाही मेली. आता वाढा."

मी खाडीतल्या बोय मासळीचं कालवण केलं, तुकड्या तळल्या, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. भाऊ न्हाऊन, धुतलेला शर्ट घालून पाटावर बसले. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्याकडेच बघत होतो. सासूबाई खुशीत येऊन म्हणाल्या, "जेव रे बाबा. तुजी पोरा बरी हायत ना टाकीत? निवटीला काय मरान नाय. पान्याभायेर काडून ठेव चिखलात, तरी नाचते."

मी हसले. आम्ही सगळेच हसलो.

भाऊंचा दुसरा घास हातातच राहिला. "पाण्याबाहेर?" त्यांनी विचारलं.

"मग? चिखलावर पलताना नाय बगलास कदी? वारा खाते ती."

"आणि ही?" त्यांनी ताटातल्या बोयकडे बोट केलं.

"बोय कशी जगल? तिला पानीच लागते, तो पन बेस पानी."

ताटावरून उठू नये म्हणतात. ते उठले. हात धुतला आणि सायकल काढून कारखान्याकडे गेले. पण झडप सकाळीच उघडली होती, आणि ओहोटीबरोबर पाणी कधीच खाडीत उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोय वर आली. पोट पांढरं करून, खाडीभर. पाणी बघाल तर पूर्वीपेक्षा स्वच्छ. भाऊंनी मला नंतर सांगितलं ते असं, की काळा चीक त्यांनी काढला, पण पेंढ्यातली विरघळलेली साखर पाण्यातच राहिली, ती कुजताना पाण्यातला सगळा श्वास खाते. "रंग काढला मी, ताई. दम भरला नाही." बोय गुदमरली. निवटी वरचा वारा घेत नाचत राहिली.

त्या सकाळी ते चिखलात उतरले. निळ्या शर्टावर दुसरा शर्ट नव्हता. बायकांबरोबर मेलेली मासळी पाटीत भरू लागले. एकीनं विचारलं, "कोनी केला हा?" ते म्हणाले, "मी केलं. मला वाटलं पाणी चांगलं झालं." कारखान्याचा माणूस गाडीतून आला आणि बाजूला घेऊन म्हणाला की उन्हानं झालं म्हणून सांगा. त्यालाही त्यांनी तेच सांगितलं, सगळ्यांच्या देखत. निवट्या कुणी दिल्या असं त्यानं दरडावून विचारलं, तेव्हा मात्र म्हणाले, "मीच धरल्या." ज्या माणसाला चिखलात सरळ उभं राहता येत नव्हतं, तो म्हणतो मी निवट्या धरल्या. आणि माझी सासू, भर बाजारात गरजणारी, तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून तोंड झाकलं. त्या दिवशी ती बाजारात बसली नाही. मीही बसले नाही. ताजी मासळी कुठची म्हणून कुणी विचारलं असतं तर काय तोंड वर करून सांगणार होतो?

महिना भरायच्या आत कारखान्यानं त्यांना मोकळं केलं. ट्रंक बांधली तेव्हा सासूबाई सुक्या बोंबलांचा पुडा घेऊन दारात उभ्या राहिल्या. "खोल दर्याचं हायत रे. खाडीचं नाय." त्यांनी पुडा घेतला, कपाळाला लावला आणि ट्रंकेत अगदी वर ठेवला. "आजी, तुमची काही चूक नाही जी. मी विचारलंच नाही, हा मासा श्वास कुठून घेतो." सासूबाई पुढे जगल्या तोवर निवटी त्यांनी खाल्ली नाही, आणि का ते कुणाला सांगितलं नाही.

भाऊ आता त्यांच्याच मुलखात, नदीकाठच्या एका कागद कारखान्यात आहेत. खातं तेच. कधीमधी फोन येतो. तब्येत, पोरंबाळं हे सगळं नंतर. पहिला प्रश्न, "ताई, बोय येते का जी वर?" हो म्हणावंसं फार वाटतं. पण त्या माणसाशी खोटं बोलायला जीभ रेटत नाही. "थोडी येते, भाऊ. पयल्यासारकी नाय." 

परवा विषय बदलावा म्हणून मी हसत विचारलं, "तिकडं तरी खाता ना तुमच्या नदीची मासोळी, निखाऱ्यावरची?"

 

"इथं पण कारखानाच आहे ना, ताई," ते म्हणाले.