हमीदाबाईंचे चित्रपत्ते

मुरुडच्या कोळीवाड्यातल्या बालवाडीत मी मदतनीस म्हणून लागले, त्या दिवशी हमीदाबाई जमिनीवर बसून पुठ्ठ्यावर पापलेट रंगवत होत्या. मान वर न करता त्यांनी माझ्या हाती दुसरा कुंचला दिला. चोवीस पत्ते, बारा जोड्या. ते पालथे मांडायचे आणि कुठलं चित्र कुठे आहे हे ध्यानात ठेवून मुलांनी जोडी उघडायची. अशा खेळांनी लहानग्यांची स्मरणशक्ती वाढते, पुढे शाळा सोपी जाते, या विश्वासावर बाईंनी आपली उमेदीची वर्षं घातली. त्या कामाचं यश मी बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहावं, असं संपादकांनी सुचवलं आहे. तसं लिहिलं तर बाईच ते खोडतील.

माझी नयना उशिरा बोलली. चार वर्षांची झाल्यावर मी तिला बाईंच्या हवाली केलं. वर्षभरात ती बाराच्या बारा जोड्या लावू लागली. "पोर सुदारली गो माजी," म्हणत सासूबाईंनी कोळीवाडाभर साखर वाटली. बाईंनी मात्र पत्ते बाजूला सारले, सहा वाट्या पालथ्या घातल्या आणि तिच्यादेखत दोन वाट्यांखाली शिंपले लपवून ते शोधायला सांगितले. नयना गोंधळली, रडायला लागली. "सुनंदा, पोर माझे पत्ते शिकली," बाई म्हणाल्या, "ध्यानात ठेवायला न्हाय शिकली." मला त्यांचा इतका राग आला की तो बरीच वर्षं गेला नाही.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आपली मुलं आणि शेजारच्या बालवाडीत नुसती गाणी म्हणणारी मुलं शाळेत कशी चालली आहेत, हे त्यांनी दोन वर्षं वर्गावर्गात जाऊन पाहिलं. काही फरक नव्हता. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या सभेत उभं राहून त्यांनी ते वाचून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, इतकं उघड कशाला? मुलं यायची बंद होतील."

"मग आयांना काय सांगून बोलावू?" एवढंच विचारून बाई खाली बसल्या. मुलं खरंच यायची बंद झाली. आज एसटी स्टँडसमोर मेंदूविकास वर्गाची पाटी आहे. आत तसेच पत्ते आहेत, फक्त गुळगुळीत छापलेले. या पत्त्यांनी काही होत नाही, हे मी आयांना सांगून थकले. जिची पोर शिकली नाही, तिचं कोण ऐकतं?

नयना आता सोळा वर्षांची आहे. तिला वाचता येत नाही. दुकानातून दोन वस्तू सांगितल्या तर एक आणते. रोज दुपारी ती बाईंच्या ओटीवर वाल सोलायला बसते. एकदा मी विचारलं, "बाई, आपण केलेलं पोरीच्या कायतरी उपयोगी पडलं का हो?" बाईंनी नयनाच्या पुढ्यातली सालं गोळा केली. मग म्हणाल्या, "ठाऊक न्हाय गो." गौरवग्रंथात शोभेल असं हे उत्तर नाही, पण त्यांनी मला कधीच खोटा धीर दिला नाही, म्हणून मी त्यांना मानते.

शतायुषी व्हा, असं सगळेच लिहितील. माझं मागणं स्वार्थाचं आहे. बाई, तुमचे गुडघे चालोत, डोळे धड राहोत आणि तुमची ओटी आणखी पुष्कळ वर्षं दुपारची उघडी असो. माझ्यामागे पोरीचं काय, या विचाराने मी खचते. तुमच्यामागे काय, हा विचार तर मला करवतच नाही.