रेडिएटरमधला पिवळा गाळ

रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून कोणी उभा दिसला, की ती घटना मला आजही आठवते. आदिलाबाद जिल्ह्यात जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्यात मी तेव्हा सब-इन्स्पेक्टर होतो. नार्नूरजवळच्या एका गावात सकाळी एका म्हातारीला लकवा मारला. गावात गाडी एकच, ती शेजाऱ्याची. बंदोबस्ताला आम्हीही तीच भाड्याने घ्यायचो. म्हातारीला दवाखान्यात नेताना ती गाडी इंद्रवेल्लीच्या अलीकडे, चढावर, वाफ सोडत थांबली. दुसरं वाहन मिळेपर्यंत दोन तास गेले. म्हातारी वाचली, पण उजवं अंग गेलं ते गेलंच.

तिचा मुलगा ठाण्यात आला. गाडीवाल्याशी त्याचा बांधावरून जुना वाद होता. "साहेब, गाडी बंद पडली नाई, त्यानं पाडली," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. संध्याकाळी खबऱ्याचा फोन आला. त्याच आठवड्यात गाडीवाल्याने रेडिएटरचं झाकण उघडून कागदाच्या पुडीतलं काहीतरी आत टाकलं होतं, आणि ते एका बाईने पाहिलं होतं. मी एफआयआर नोंदवला, गाडी जप्त केली आणि गाडीवाल्याला चौकशीला बसवलं.

"पुडीत काय होतं?"

"काई नाई साहेब. पाणीच टाकलं."

"पाणी पुडीत बांधतात का रे?"

त्याने मान खाली घातली. आमच्या जुन्या हवालदाराने समजुतीने विचारलं, "अबे, सांगून टाक ना. काऊन लपवून राह्यला?" तरी तो गप्पच. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनाशी म्हटलं. निर्दोष माणूस भडाभडा बोलतो, असा माझा तेव्हा पक्का समज होता.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर गाडी तपासायला आदिलाबादहून एक वयस्क मिस्त्री बोलावला. त्याने पाणी भरून इंजिन चालू केलं. पंखा फिरत होता, पट्टा घट्ट होता, पंपही ठीक होता. तापमानाचा काटा मात्र चढू लागला. मिस्त्रीने इंजिन बंद केलं आणि मला जवळ बोलावलं. "रेडिएटरले हात लावा साहेब, जपून. वर चटका बसते अन् खाली थंडगार. मधातून पाणी उतरूनच नाई राह्यलं."

इंजिन निवल्यावर त्याने रेडिएटरचा खालचा बोल्ट काढला. थोडं पाणी आलं आणि मागून घट्ट पिवळा गाळ. मिस्त्रीने तो बोटावर घेऊन हुंगला आणि हसला. "हळद हाय साहेब. गळती बुजते म्हणून टाकतात. पण टाकतच राह्यलं, तं आतल्या नळ्याबी बुजतात. कोण्या शहाण्यानं शिकवलं याले?"

पंच हसले. मला हसू आलं नाही, कारण तो शहाणा मीच होतो. सहा महिन्यांपूर्वी बंदोबस्ताच्या दिवशी हीच गाडी ठाण्यासमोर थेंब थेंब गळत होती. माझी घाई होती. ठाण्याच्या स्वयंपाकघरातली मूठभर हळद आणून मीच ती आत टाकायला लावली होती, आणि वर सांगितलं होतं, "पुन्हा गळली की पुन्हा टाक." त्या भल्या माणसाने साहेबाचं ऐकलं.

मी गाडीवाल्याला विचारलं, "काल का नाही सांगितलंस?"

"तुमच्याच ठाण्यात तुमचंच नाव कसं घेऊ साहेब? म्हटलं, तुमाले याद येईल."

इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नाही. हळदीचा सल्ला कोणाचा, हे मी केस डायरीत स्वतःच्या नावानिशी लिहिलं आणि तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा, अशी वरिष्ठांना विनंती केली. गाडीवाल्यावरचा गुन्हा रद्द झाला.

मग मी म्हातारीच्या घरी गेलो. ती खाटेवर पडून होती. मुलाला सगळं सांगितलं. त्याने आईचा लुळा हात उचलून नीट खाटेवर ठेवला आणि म्हणाला, "मंग आता तक्रार कोणावर करू साहेब?"

"माझ्यावर कर. लिहून मी देतो."

त्याने केली नाही. केली असती, तर मला बरं वाटलं असतं. पुढे निवृत्त होईपर्यंत, चौकशीत गप्प बसलेला माणूस समोर आला, की आधी मी माझीच उलटतपासणी घ्यायचो.