लोड गेला तर

"बघून घेईन मी," असं ती म्हणायची तेव्हा तिचा आवाज चढत नसे, उलट खाली यायचा. हातातलं काम थांबवून ती चिंधीनं एकेक बोट पुसायची, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, आणि मग बोलायची. हे वाक्य तुम्ही-आम्ही रोज ऐकतो. रिक्षावाला हवालदाराला म्हणतो, भाऊ भावाला म्हणतो, आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जातो. हिनं मात्र खरोखरच बघून घेतलं. मी ते जवळून पाहिलं.

पेणला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंप, पंखे, पापडवाल्या बायकांच्या पीठ मळायच्या यंत्राच्या मोटारी, हे आमचं जग. एक दिवस पस्तिशीची एक बाई स्कूटरवरून उतरली आणि पिशवीतून एक विचित्र कॉइल काढून म्हणाली, अशी गुंडाळून द्याल का? बांगड्यांच्या चवडीसारखी गोल कॉइल होती. मी गुंडाळून दिली. तिनं तिच्यावरून बोट फिरवलं, एक वेढा दुसऱ्यावर चढलेला शोधला आणि सगळी सोडायला लावली. दुसऱ्या वेळीही तेच झालं. तेव्हा मी म्हणालो, मॅडम, दुसरं दुकान बघा.

"दादा, तुमचा हात चांगला हाय," ती म्हणाली. "रागावलाय तेवढा."

मी तिला बसायला स्टूल दिलं. तेव्हापासून तिच्या कॉइली माझ्याचकडे आल्या.

ती रोह्याच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर होती. माहेर खाडीकाठच्या गावात, मिठागरात राबणाऱ्या घरचं. कंपनीत इंग्रजी झाडणारी ही बाई दुकानात आली की ‘नाय’, ‘हाय’वर यायची. तिची आई एकदा बाजाराला आली असताना दुकानात टेकली होती. मुलगी काय करते हे तिला नीट सांगता येईना. शेवटी म्हणाली, "पोर माजी गाडीचं काळीज बनवते." मला वाटतं, आजवर त्या यंत्राबद्दल कुणी इतकं बरोबर बोललेलं नाही.

ते यंत्र थोडक्यात सांगतो. साध्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँक त्याची चाल फिरवून चाकाकडे नेते. हिच्या इंजिनात क्रँकच नव्हती. पिस्टन मोकळा. त्याच्या दांड्यावर मॅग्नेट बसवलेले, आणि ते कॉइलच्या पोटातून सायकलच्या पंपासारखे मागे-पुढे पळायचे. त्यातून वीज होते, वीज बॅटरीत जाते, आणि गाडी चालते बॅटरीवर. ऐकायला सोपं. पण क्रँक नसल्यामुळे कुठे थांबायचं हे पिस्टनला सांगणारं कोणी नसतं. कॉइलमधून वीज ओढली जाते तोवर कॉइल मॅग्नेटला मागे खेचून धरते. तो एकच लगाम. ओढणं थांबलं, म्हणजे आमच्या भाषेत लोड गेला, की पिस्टन सुटलेल्या बैलासारखा समोरच्या भिंतीवर जातो.

तिनं हे तिच्या साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख. गोरेपान, मितभाषी, इस्त्रीचा शर्ट, सगळ्यांशी गोड. ते म्हणाले, आधी वीज तर निघू दे, मग लगामाचं बघू. वीज निघाली. भरपूर निघाली. आणि पुण्याच्या एका गाडीकंपनीला डिझाइन दाखवायची वेळ आली तेव्हा सगळ्या आराखड्यांवर एकट्या साहेबांचं नाव होतं. तिनं विचारलं. साहेब हसून म्हणाले की संघात काम करताना माझं-तुझं करायचं नसतं. पुढच्या आठवड्यात तिची बदली पंपांच्या तपासणीवर झाली. तिनं राजीनामा टाकला आणि रोह्याहून थेट माझ्या दुकानात आली. स्टुलावर बसली. चिंधी मागितली. बोटं पुसली.

त्यानंतर तिनं काय करावं? आरडाओरडा नाही, तक्रार नाही. माझ्या दुकानाच्या मागच्या पडवीत एक टेबल टाकून ती पंपांची किरकोळ कामं करू लागली आणि वाट पाहू लागली. शेजारच्या फ्रिजवाल्याकडून तिनं तांब्याच्या नळीचा तुकडा आणला आणि एक मॅग्नेट त्यात सोडून मला दाखवला. एरवी दगडासारखा पडणारा तो मॅग्नेट नळीतून मधात बुडाल्यासारखा हळूहळू खाली आला. नळीला ना वायर, ना बॅटरी. ती म्हणाली, पिस्टनच्या वाटेच्या दोन्ही टोकांना अशा तांब्याच्या जाड कड्या बसवल्या, तर लोड गेला तरी तो भिंतीवर आपटणार नाही. ही युक्ती तिला कधीच सुचली होती. साहेबांनी आराखडे उचलले तेव्हा ती कागदावर उतरायची होती.

म्हणजे साहेबांनी लगाम नसलेला बैल चोरला होता, आणि हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मी म्हणालो, त्यांना कळवायला हवं. कुणाला लागलं तर?

"त्यांनीच डिझाइन केलंय ना?" ती म्हणाली. "मग त्यांना ठाऊक असणार."

हे बोलताना तिचे डोळे चमकत होते. मला ती तेव्हा आवडली नाही, हेही सांगून टाकतो. पण मी दुकानाबाहेर जाऊन परत आलो तेव्हा ती फोनवर होती. पलीकडे सुदाम होता, कंपनीतला फिटर, ते यंत्र हातानं जोडणारा. पुण्याच्या पाहुण्यांसमोरच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी यंत्रासमोर जाड पत्रा लावा, आणि पाहुणे असोत की साहेब असोत, कुणाला त्याच्या टोकासमोर उभं राहू देऊ नका, असं ती त्याला बजावत होती. का, ते सांगितलं नाही. सुदामनं विचारलंही नाही. तिनं सांगितलेलं तो पाळायचा, कारण सगळ्या कंपनीत त्याला ‘अहो’ म्हणणारी ती एकटी होती.

प्रात्यक्षिकाला यंत्र छान चाललं म्हणे. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग बॅटरी भरली. भरलेली बॅटरी वीज घेईनाशी झाली, यंत्रणेनं लोड तोडला, आणि घणाचा घाव बसावा तसा आवाज झाला. सिलिंडरचं झाकण तडकलं. एक बोल्ट पत्र्यावर आदळून पत्रा पोटातून वाकला. माणसं वाचली.

बातमी दुपारी दुकानात आली. ती हसली. मी तिला तसं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. समोरच्या हॉटेलातून तिनं आम्हा सगळ्यांसाठी मिसळ मागवली.

मिसळीच्या वाट्या अजून टेबलावर होत्या तेव्हा सुदाम दारात येऊन उभा राहिला. साहेबांनी पाहुण्यांसमोर सांगितलं होतं की दोष डिझाइनचा नाही, फिटरनं जोडणी नीट केली नाही. पुरावा म्हणून बोट दाखवलं होतं त्या पत्र्याकडे. याला आधीच माहीत होतं की यंत्र फुटणार, नाहीतर पत्रा कशाला लावला? कंपनीनं सुदामला त्याच दिवशी फाटकाबाहेर काढलं.

तो हे सांगत असताना ती उभी राहिली. चेहऱ्यावरचं हसू कुणी पुसून काढल्यासारखं गेलं. सुदामला ती म्हणाली, हा घाव माझा होता, तो तुमच्यावर पडला.  या वेळी तिनं बोटं पुसली नाहीत. मला वाटतं, तोवर तिला साहेबांना पडलेलं बघायचं होतं. आता तेवढं पुरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माझी पडवी कारखाना झाली. सुदाम जोडणी करायचा, मी कॉइली गुंडाळायचो, ती आम्हा दोघांचे प्राण घ्यायची. कॉइलभोवती रेझिन ओतायला साचा हवा होता, तो कुठे करून मिळेना. सुदामनं तिला हमरापूरला नेलं. तिथल्या एका मूर्तिकारानं गणपतीच्या सोंडेसाठी रबराचा साचा करतात तसा कॉइलचा साचा करून दिला, आणि विचारलं, बाई, हा कुठला देव? ती म्हणाली, "कोपणारा."

गणपतीच्या दिवसांत दुकानावरून मूर्तींचे टेम्पो जात होते आणि आत ती सुदामवर ओरडत होती. कधी चहाच्या पेल्यात मॅग्नेटचा चुरा सापडायचा, कधी आई भाकरीचा डबा पाठवायची आणि तो संध्याकाळी तसाच परत जायचा. एकदा आई स्वतः आली. डबा उघडून लेकीच्या पुढ्यात धरला आणि म्हणाली, "गो, राग खाऊन पोट भरतं का कुनाचं?" ती जेवली. जेवताना मात्र कड्यांची जाडी मोजत होती.

पहिलं यंत्र अडकून बसलं. दुसऱ्याचे मॅग्नेट तापून मंदावले, आमचं सगळं काम वाया गेलं आणि सुदाम म्हणाला की आता पुरे. ती त्याला म्हणाली, तुम्ही थांबा, मी थांबणार नाही. तोही थांबला नाही.

यंत्र चालू लागलं तेव्हा तिनं पुण्याच्या त्याच पाहुण्यांना बोलावलं. आणि साहेबांनाही. मला वाटलं ते येणार नाहीत. पण पुण्याची मंडळी येणार म्हटल्यावर न येणं जास्त वाईट दिसलं असतं. ते आले, इस्त्रीच्या शर्टात, हसतमुख. तिनं त्यांना नमस्कार केला आणि पडवीत सर्वांत पुढची खुर्ची दिली, यंत्राच्या टोकासमोर.

यंत्र सुरू झालं. शिवणयंत्रासारखा एकसारखा आवाज. समोर लावलेले दिवे पेटले. पाहुण्यांमधल्या एका वयस्क इंजिनिअरनं लोड गेल्यावर काय होतं असं विचारलं. गेल्या वेळचं ते विसरले नव्हते.

ती साहेबांकडे वळली. "सर, मूळ डिझाइन तुमचं. तुम्हीच सांगा यांना. मी आता ही वायर काढते. पिस्टन कुठे थांबेल?"

 तिनं वायरीवर हात ठेवला. तेव्हा यंत्राच्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळला. साहेबांची खुर्ची मागे सरकत होती. लाद्यांवर घासत, पाहुण्यांच्या पायांना लागत, भिंतीपर्यंत. सुदाम यंत्राच्या टोकासमोर हाताची घडी घालून उभा होता. तो हलला नाही.

तिनं वायर काढली. दिवे विझले, पिस्टन एकदा पुढे गेला, कडीत शिरला आणि दमलेल्या माणसासारखा थांबला. कुठे काही आपटलं नाही. पण त्या वयस्क इंजिनिअरचं लक्ष यंत्राकडे नव्हतं. तो खुर्चीकडे बघत होता.

पुढचं कागदोपत्री झालं. आराखड्यांवरचं नाव बदललं. पुण्याच्या कंपनीनं काम तिला दिलं आणि रोह्याच्या कंपनीनं साहेबांना राजीनामा द्यायला लावला. मग एक दिवस साहेब माझ्या दुकानात आले, हातात पेढ्यांचा पुडा. शर्ट तोच, पण इस्त्री नव्हती. म्हणाले की चूक झाली, मोठ्या मनानं माफ करा.

तिनं पुडा घेतला नाही. आतून सुदामला हाक मारली. "साहेब तुमची माफी मागायला आलेत," ती त्याला म्हणाली. साहेब गडबडले. हा त्यांच्या हाताखालचा माणूस. दुकानात गिऱ्हाइकं होती, पंखा न्यायला आलेल्या दोन बायका होत्या. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं दार अडवलेलं नव्हतं, ते जाऊ शकत होते. शेवटी त्यांनी सुदामसमोर हात जोडले. म्हणाले, तुमची चूक नव्हती, ती माझी होती, मी खोटं बोललो.  सुदामनं घाईघाईनं त्यांचे हात खाली घेतले आणि एक पेढा तोंडात टाकला. डोळे भरले होते त्याचे.

जाताना साहेबांनी तिला विचारलं, आणि तुम्ही?

"मी नाय," ती म्हणाली. "माझ्याकडं परत मागू नका."

ती पुण्याला गेली. सुदामला तिनं बोलावलं होतं, पण त्यानं रोह्याचं घर सोडलं नाही. तो आता रोज तिथून माझ्याकडे कामाला येतो. सुरुवातीला तिचे फोन यायचे, वायर कुठली वापरता, हात रागावतो का अजून. मग कामं वाढली तिची.

गेल्या वर्षी साहेब गेले. बरेच दिवस आजारी होते. रोह्याला कुंडलिका नदीच्या काठी त्यांना नेलं तेव्हा मी आणि सुदाम दोघंही होतो. माणसं फार नव्हती. संध्याकाळी मी तिला फोन केला आणि सांगितलं. तिनं विचारलं, सुदाम रडले का? म्हटलं, थोडा.

"रडू दे त्यांना," ती म्हणाली. "मला नाय येत रडू."

 वाटलं, आता ती फोन ठेवेल. तिनं ठेवला नाही. पलीकडे तिचं यंत्र चालू होतं, तो एकसारखा आवाज मला ओळखता येत होता.   बराच वेळ आम्ही दोघं ते ऐकत राहिलो.