डॉक्टरांच्या हातातली गाठ

१८ नोव्हेंबर १९९१. आज ऑपरेशन थिएटरचं कपाट रिकामं करायला घेतलं. नवे डॉक्टर येण्याआधी जुनं सामान निघायला हवं. खालच्या खणात स्पंजचा शेवटचा डबा सापडला, अर्धा वापरलेला. तो बाजूला ठेवला आणि आधी कात्र्या पुसल्या.

आमचे डॉक्टर वसंतराव जिंतुरात पोट उघडणारे एकटेच. त्यांची एक सवय नव्या माणसाला घाबरवायची. समोर पेशंट बोलत असला की उजव्या हाताचा अंगठा डाव्या मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला फिरत राहायचा. तिथं बारीक व्रणांची ओळ होती.

मुंबईच्या एका मित्रानं त्यांना आतड्याला पिना मारायचं मशीन दिलं होतं. कातडी चपलेला खिळे मारतात तसं ते आतडं दाबून धातूच्या बारीक पिना मारायचं. पिनांच्या भोकांतून रक्त झिरपू नये म्हणून डॉक्टर मध्ये स्पंजची पट्टी ठेवायचे. दिसायला थर्मोकोलसारखा पांढरा, हलका. पिनांखाली चपटा व्हायचा, रक्तात भिजून फुगायचा, भोकं बुजवायचा आणि काही आठवड्यांत शरीरात विरून जायचा. डॉक्टर तो चिमटीत दाबून म्हणायचे, "दाबला की बसतो, भिजला की उठतो, काम झालं की गुमान जातो. असा पाहुणा कुठं मिळतो का, सिस्टर?"

पण नव्या डब्यावर त्यांचा विश्वास नसे. डबा आला की त्यातला कणभर तुकडा ते स्वतःच्या हातात, कातडीखाली ठेवून घ्यायचे. सुईनं जागा मी बधिर करायची, चीर ते स्वतः द्यायचे. "लोकांच्या पोटात घालायचं ते आधी माझ्या हातात राहून जाऊ द्या." गाठ विरली की डबा उघडायचा, असा नियम. मला हा प्रकार पसंत नव्हता. तसं सांगितलंही. ते म्हणाले, "तुम्हाला पसंत पडावं म्हणून करत नाही."

पेशंटांना मात्र तो फार पसंत. ऑपरेशन ठरलं की नातेवाईक बिनदिक्कत डॉक्टरांचा हात धरून अंगठ्यानं दाबून बघायचे. देवळात पायरीला हात लावावा तसं.

गेल्या उन्हाळ्यात बोरीची गिरजाबाई आली. आतडं पिळलेलं, नाडी लागत नव्हती. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारलेला. परभणीचा रस्ता झाडं टाकून अडवलेला. बैलगाडीतून शेतामधून आणली तिला. जुना डबा संपला होता. नव्या डब्यातला तुकडा डॉक्टरांच्या हातात अजून चिंचोक्याएवढा लागत होता. हातानं शिवत बसायला वेळ नव्हता. त्यांनी एकदा स्वतःच्या हाताकडं बघितलं आणि म्हणाले, "उघडा डबा."

गिरजाबाई वाचली. डॉक्टरांची गाठ मात्र गेली नाही.

विरायचे दिवस उलटले तरी ती तशीच, टणक. तोच स्पंज गिरजाबाईच्या आतड्यावर होता. तिथं राहिला, पिकला, तर पुन्हा पोट उघडावं लागलं असतं, आणि दुसऱ्यांदा ती टेबलावरून उठली असती याची खात्री आम्हा दोघांनाही नव्हती. त्यांनी तिला दर बाजारच्या दिवशी यायला सांगितलं. ती यायची, पण पोट दाखवायच्या आधी डॉक्टरांचा हात ओढून घ्यायची.

"आज लय कडक हाय. काल माज्या बी पोटात कळ आलती."

"अगं, तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी," डॉक्टर हसायचे.

"दोगांचं एकाच डब्यातलं हाय न्हवं?"

पुढं एका सकाळी डॉक्टरांचा हात लाल झाला, गाठ गरम. बाजारचा दिवस नव्हता. दुपारच्या एसटीनं गिरजाबाई हजर. "तुमच्या हाताला काय झालं?" दारातूनच विचारलं तिनं. अंगात ताप होता तिच्या. औषधानं दोघांचंही उतरलं. डॉक्टर त्या दिवशी हसले नाहीत. मी असल्या गोष्टी मानत नाही. योगायोग म्हणून सोडून दिलं.

दिवाळीनंतर डॉक्टर गेले. दुपारी, पेशंट तपासता तपासता, खुर्चीतच. सकाळी मीच त्यांचं ब्लडप्रेशर बघितलं होतं. पट्टा गुंडाळताना गाठ बोटाला लागली होती. घरचे पुण्याहून येईपर्यंत अंग पुसायचं काम माझ्याकडं आलं. डावा हात पुसताना थांबले. पुन्हा पुसला. व्रण सगळे जागेवर, गाठ नाही. भलताच हात धरला की काय म्हणून उजवाही दाबून बघितला.

विरघळवायचं काम जिवंत रक्त करतं. मेलेल्या शरीरात स्पंज जागचा हलत नाही. हे मला डॉक्टरांनीच शिकवलं होतं.

आज कात्र्या पुसत असताना गिरजाबाई आली. तिला कळलं नव्हतं. मी सांगितलं. ती खाली बसली, पदर तोंडाला लावला.

"आन् ती गाठ?" मग विचारलं. "संगं जाळली का?"

"गाठ नव्हती. विरली होती."

"मंग माजं बगा की."

टेबलावर घेतलं. पोटावरच्या व्रणाच्या कडेला, कातडीच्या लगेच खाली, चिंचोक्याएवढं काहीतरी टणक बोटाला लागलं. मागच्या बाजारी तिथं काही नव्हतं. आणि स्पंज आम्ही ठेवला होता तो खोल, आतड्यावर. इतक्या वर नव्हेच.

"टाक्याची गाठ असेल," मी म्हणाले. "उद्या परभणीला सर्जनला दाखवू. मी येते सोबत."

तिनं स्वतःचा अंगठा तिथं ठेवला, डॉक्टर ठेवायचे तसाच. "डाक्टरसाब ठिवून गेलेत. ऱ्हाऊ द्या."

"पिकली म्हणजे?"

"म्या न्हाई यायची, सिस्टर. उगं गळ घालू नका." आणि पायऱ्या उतरून गेली.

१९ नोव्हेंबर. सकाळी तो अर्धा डबा मागच्या अंगणात रॉकेल टाकून जाळला आणि पहिली एसटी धरली. बोरीत उतरायचं, तिच्या घरी जायचं, भांडून का होईना तिला परभणीला न्यायचं, असं ठरवलं होतं. कुणाला बोलले नव्हते. बोरीच्या स्टँडवर गाडी थांबली. गिरजाबाई गाठोडं काखेत मारून उभी होती. चढली ती सरळ माझ्यापाशी आली. एक हात पोटावर.

"पहाटंच हितं गरम लागाय लागलं. म्हनलं, सिस्टर निगाल्या," ती म्हणाली. "सरका की."

मी सरकले. माझं तिकीट बोरीपर्यंतचंच होतं. कंडक्टरकडं परभणीची दोन मागितली.